वाड्यामागची जुनी फुलबाग परत उभी करताना : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

गेल्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, की गावच्या घरामागं आजीची बाग होती, आता तिथं नुसतं रान माजलंय, ती परत करायची तर सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते. मी वाईची. आमचा वाडा कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर, मागं दीड गुंठ्याचा परस, मधे दगडी आड, एक तुळशीवृंदावन आणि बाकी वीस-बावीस वर्षं कोणी हात न लावलेलं गवत, टणटणी आणि पडलेल्या भिंतींची माती. माळीकामाचं शिक्षण माझं काही नाही, जे शिकले ते करत करत आणि चुकत चुकत.

सगळ्यात आधी, जेसीबी बोलवू नका. खरंच नका बोलवू. आमच्याकडं तेच झालं, चुलतभावाला वाटलं एका दिवसात जागा साफ होईल, आणि ईशान्येचा कोपरा सकाळी दहाच्या आत सपाट झाला. त्या कोपऱ्यात वरून काहीच दिसत नव्हतं, माघ महिना, कोरडी ठणठणीत जमीन. संध्याकाळी आत्याला फोन केला तर ती एकदम गप्पच झाली आणि मग म्हणाली, "अगं तिथं भुईचाफा होता." भुईचाफ्याचं असंच असतं, थंडीत पानं सुकून जातात, जमिनीवर नाव-निशाण राहत नाही, आणि मग ऐन उन्हाळ्यात पानांच्या आधी नुसतं फूलच जमिनीतून वर येतं, पांढरं-जांभळं, मातीला टेकलेलं, वासाचं. पानं नंतर पावसात. म्हणजे वर्षातले कित्येक महिने ही जागा बघणाऱ्याला रिकामीच दिसते. आमचा बराचसा गेला, पुढच्या वैशाखात ढिगाऱ्याच्या कडेला एकच फूल आलं, त्याच्यापासून आता परत वाढवतीये.

म्हणून माझं पहिलं काम हेच, की पूर्ण एक वर्ष काही खणायचं नाही. लोकांना हे ऐकवत नाही, कारण उत्साह असतो, सुट्टी काढलेली असते, पण जुनी बाग म्हणजे रिकामा प्लॉट नाही, तिच्यात काय काय जिवंत आहे हे तिचं तीच सांगते, फक्त आपल्या वेळेला नाही. वर्षभर दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा, गवत फक्त विळ्यानं कापा, मुळासकट उपटू नका, आणि काय उगवलं, कुठं उगवलं, ते लिहा. चैत्र-वैशाखात मोगरा कळ्या धरतो आणि भुईचाफा दिसतो. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल एका दांड्यावर येतं, त्याला कोणी मे फ्लॉवर म्हणतं कोणी फुटबॉल लिली, त्याचा पण कांदा एरवी झोपलेला असतो. वळवाचे दोन पाऊस झाले की रेन लिली. पावसाच्या तोंडावर अनंत. श्रावण-भाद्रपदात सोनटक्का, जाई, जुई, आणि गुलबक्षी तर गौरींच्या आसपास कुठंही डोकं वर काढते, दुपारी चारनंतर उमलते म्हणून सकाळी बघायला जाणाऱ्याला कळतच नाही तिचा रंग कोणता. दिवाळीच्या सुमाराला शेवंती, थंडीत कुंदा. हे एक चक्र पूर्ण बघितल्याशिवाय तुमच्याकडं काय आहे आणि काय गेलंय याची यादी होऊच शकत नाही.

हे वर्ष रिकामं बसून काढायचं नाही, माणसांना विचारायचं. आणि इथं माझा अनुभव असा की घरात राहिलेल्या पुरुष मंडळींपेक्षा माहेरवाशिणींना जास्त आठवतं. काका जन्मभर त्याच वाड्यात राहिले, पण त्यांना जाई कुठं होती ते सांगता येईना, आणि आत्या १९७१ साली लग्न होऊन सांगलीला गेली तरी तिला आडाच्या कठड्यापासून मोगरा किती पावलांवर होता ते माहितीये, कारण रोज पहाटे देवाची फुलं तिनंच काढलेली. प्रश्न पण "कोणती झाडं होती" असा विचारू नका, त्याला उत्तर "सगळी होती" असंच येतं. हरतालिकेची पत्री कुठून आणायचात, गौरीला काय माळायचात, गजरा कशाचा करायचात, परडी घेऊन गेल्यावर आधी कुठं वळायचात, असं विचारा, मग झाडं आपोआप ओळीनं येतात. जुने फोटो काढायला सांगा, मुंजीचे लग्नाचे, कारण असे फोटो बऱ्याचदा परसातच काढलेले असतात आणि माणसांच्या मागं वेल दिसतो. आमचा मांडव कोणत्या भिंतीला होता ते आम्हाला एका डोहाळजेवणाच्या फोटोतूनच कळलं.

मग कागदावर नकाशा. आड, वृंदावन, जोत्याचा कोपरा अशा न हलणाऱ्या तीन गोष्टी धरा आणि प्रत्येक झाड त्यातल्या दोन ठिकाणांपासून सुतळीनं मोजून मांडा. मोबाईलचं लोकेशन इतक्या लहान जागेत उपयोगाचं नाही. प्रत्येक झाडाला नंबर द्या आणि वही ठेवा, त्यात नाव, ते नाव कोणी सांगितलं, कधी फुललं, वास कसा, आणि फोटो समोरून, मागून, पानाचा, काट्याचा. नावांचा घोळ होतोच, कारण वाईत ज्याला जाई म्हणतात त्याला दुसऱ्या गावात चमेली म्हणतील, म्हणून दोन्ही नावं लिहा, कोणतंही खोडू नका. पक्कं करायला मराठी विश्वकोशातल्या नोंदी फार कामाच्या आहेत, मराठी नाव, शास्त्रीय नाव, पानाफुलाचं वर्णन सगळं असतं. त्याचं काम आमच्या वाईतूनच चालत आलंय, पहिला खंड १९७६ चा, आणि आता नोंदी मोबाईलवर फुकट वाचता येतात. नंबरपट्टीसाठी प्लास्टिक आणि मार्कर वापरू नका, एका उन्हाळ्यात पांढरं होतं. अॅल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी कापायची, खिळ्यानं नंबर कोरायचा, तारेनं सैल बांधायची. सैल म्हणजे खरंच सैल, नाहीतर फांदी जाड झाल्यावर तार आत रुतते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, साफसफाई करायच्या आधी प्रत्येक जुन्या झाडाचं एक तरी पिल्लू करून दुसरीकडं ठेवा. जुनं झाड छाटल्यावर फुटेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि ती जात परत बाजारात मिळेल याची तर अजिबातच नाही.

गुलाबाला छाट कलम. पावसाळा ओसरल्यावर पेन्सिलएवढी जाड पक्व काडी घ्या, वीतभर, तीन-चार डोळे (म्हणजे फूट येते त्या जागा) असलेली, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्याच्या थोडा वर, वरची एक-दोन पानं ठेवून बाकी काढा आणि निम्मी काडी वाळू-मातीच्या मिश्रणात सावलीत खोचा. दहा लावल्या तर चार जगतात असं धरून चाला आणि तशाच जास्त लावा. हलवून बघायचा मोह आवरा, मुळं तुटतात. मोगरा, जाई, जुईला सगळ्यात सोपं दाब कलम, खालची लवचिक फांदी जमिनीकडं वाकवायची, मधे सालीवर छोटी चीर, तेवढा भाग मातीत दाबून वर दगड, शेंडा बाहेर. पावसाळ्यात केलं की दिवाळीपर्यंत मुळं धरतात, मग आईपासून तोडायचं.

अनंत, जास्वंद, आणि ज्याची फांदी खाली वाकत नाही अशा सगळ्याला गुटी. जून ते ऑगस्ट हा काळ धरा. बोटाएवढ्या जाड फांदीवर इंचभर रुंदीची साल गोल सोलून काढायची, आतला बुळबुळीत थर पण खरवडायचा (हा राहिला की साल परत जुळते आणि मुळं येतच नाहीत, माझ्या पहिल्या सहाच्या सहा गुट्या ह्याच कारणानं फुकट गेल्या), त्यावर भिजवून पिळलेलं मॉस (शेवाळ) मूठभर, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधायची. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी व्हायला लागली की खालून कापून पिशवीत लावायचं आणि महिनाभर सावलीत ठेवायचं.

बकुळ, पारिजातक बियांपासून होतात. सोनचाफ्याचं बी ताजं असतानाच पेरा, ठेवलं की उगवत नाही, आणि बियांपासूनच्या सोनचाफ्याला फुलायला सात-आठ वर्षं लागतात हे धरून चाला. लवकर फूल हवं असेल तर तुमच्याच जुन्या झाडाच्या काडीचं कलम एखाद्या जाणत्या नर्सरीवाल्याकडून बांधून घ्या.

पिल्लं सुरक्षित झाली की मगच सफाई. हाताने, कोपऱ्या-कोपऱ्यानं, आणि वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना ठणठणीत कोरडी अशी असताना. पायात गमबूट, हातात जाड हातमोजे, आणि ढिगारा काठीनं आधी वाजवून घ्या, कारण पडक्या भिंतींच्या मातीत आणि दगडांच्या फटीत साप असतातच, आमच्याकडं घोणस निघाली होती. सर्पमित्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा, मारू नका. गाजरगवत फुलायच्या आधी काढा, उघड्या हातानं नाही, अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. टणटणी बुंध्याशी कापून मूळ खणून काढावं लागतं, पण त्याच्या आसपास कांदे-गड्डे नाहीत ना हे वहीत बघून. भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर ओढून काढू नका, तो निघतो पण दोन दगड घेऊन निघतो, तो कापत राहायचा आणि त्या फटी एखाद्या गवंड्याकडून चुन्यानं भरून घ्यायच्या. सिमेंट नको, त्यानं आतलं पाणी आतच कोंडतं. आणि हो, वाडा सामायिक असेल तर सगळ्या भाऊबंदांना आधी विचारा, बाग फुलायला लागल्यावर वाद होतात ते पहिल्या दिवशीच मिटवलेले बरे.

मातीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथं वाड्यांची गोष्ट शेतापेक्षा वेगळी आहे. भिंती पांढऱ्या मातीच्या, त्यात चुना, वर्षानुवर्षं पावसात विरघळून ते सगळं परसात उतरलेलं. गावठाणातली ही पांढरी पूर्वी लोक गाड्या भरून शेतात टाकायचे, कस असतो तिच्यात, मोगरा-शेवंतीला ती चालते, पण चुन्यामुळं सामू (पीएच) चढलेला असतो आणि अनंताला तो सोसत नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजायचं, लोह मातीत असलं तरी झाडाला उचलता येत नाहीये. लोकांना वाटतं खत कमी पडलं आणि अजून शेणखत घालत बसतात. माती तपासून घ्या, खर्च फार नसतो. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा, त्याच्या कडेची पातळ चकती, सगळं एकत्र करून सावलीत वाळवायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायचं आणि पिशवीवर नाव घालून द्यायचं. सातारा भागातल्यांनी बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. आमच्या परसाचा सामू आठच्या वर निघाला. मग अनंत मी जमिनीत लावायचा हट्ट सोडला, अर्ध्या पिंपात पाचगणीकडची लाल माती आणि पानांचं कुजकं खत घालून त्यात लावला, आडाच्या जड पाण्याऐवजी पावसाळ्यात साठवलेलं पाणी देते जमेल तेवढं, आणि आता पानं काळीभोर हिरवी आहेत.

जुन्या झुडपांची छाटणी करताना हात आखडता ठेवा. पहिल्या वर्षी फक्त मेलेलं लाकूड. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ती फांदी राहू द्या, भले कितीही वेडीवाकडी असो. दुसऱ्या वर्षी जुन्या फांद्यांतली एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी अजून एक तृतीयांश, म्हणजे झाड हळूहळू नवं होतं. जाड कापावर बोर्डो मलम लावा, घरच्यापुरतं १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून, थंड झाल्यावर एकत्र करून सगळं मिळून १ लिटर, ताजं करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. लोखंडी भांडं नको. हातमोजे घाला.

गुलाबाच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासा, तो स्वतःच्या मुळावर आहे की डोळा भरलेला, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर कलम केलेला. डोळा भरलेल्या गुलाबाचं वरचं चांगलं लाकूड दुर्लक्षामुळं मरून जातं आणि खालचा खुंट जोमात वाढतो, मग लोक वर्षानुवर्षं त्या खुंटालाच पाणी घालतात आणि म्हणतात आजीचा गुलाब आता फुलत नाही. बुंध्याशी गाठ शोधा, फूट गाठीच्या खालून आलेली असेल आणि पानं वरच्यापेक्षा वेगळी असतील तर तो खुंट. आमच्या परसात दोन गुलाब होते, एक असाच खुंट निघाला, तो काढला. दुसरा मात्र खरा गावठी, फिका गुलाबी, सकाळी वासानं अंगण भरतं आणि दुपारी पाकळ्या गळतात, आजी त्याचाच गुलकंद घालायची. एडवर्ड नावाचा जुना गुलाब आपल्या देशात देशी गुलाब म्हणून लावतात, आमचा त्याच्या वर्णनाशी बराच जुळतो पण वहीत मी अजून "आजीचा गुलकंदाचा" एवढंच लिहिलंय. स्वतःच्या मुळावरचा असल्यामुळं त्याच्या बुंध्यातून येणारी प्रत्येक फूट त्याचीच असते, ती मुळासकट वेगळी करून लावता येते.

मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीत दीड-दोन फुटांवर छाटायचं, मग शेणखत घालून आळं भरायचं, मार्चपासून कळ्या. पाणी न तोडता नुसती छाटणी केली तर पानंच पानं येतात. जात ओळखायला कळी बघा, मदनबाणाची लांब टोकदार, बटमोगऱ्याची गोल बटणासारखी, हजारीला पाकळ्यांचे थरच थर. जाईचा जुना वेल मांडवावर असेल तर तो बुंध्यापासून कापू नका, आतली वाळलेली जाळी काढून हवा खेळती करा, तेवढं पुरे.

शेवंतीची जुनी वाणं फुलं संपल्यावर जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, बाजूनं काश्या (नवे फुटवे) फुटतात, त्या उन्हाळ्यात मुळासकट वेगळ्या करून लावा, आणि जून-जुलैत एक-दोनदा शेंडे खुडा. झिप्री, राजा, सोनाली तारा, बग्गी ही नावं आपल्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी ऐकू येतील. एक वर्ष आमची निम्मी शेवंती कळीच धरेना, खत घातलं, फवारणी केली, काही नाही. कारण होतं परसात नवीन लावलेला रात्रभर चालणारा दिवा. शेवंतीला कळी धरायला मोठी काळोखी रात्र लागते. दिवा बंद केला, पुढच्या वर्षी तीच रोपं भरून फुलली.

गड्ड्या-कांद्यांचं वेगळं तंत्र. निशिगंध दर तीन वर्षांनी काढून, पानं पिवळी पडल्यावर, सावलीत महिना-सव्वा महिना विश्रांती देऊन, मोठे कांदे उन्हाळ्यात परत लावायचे, तीन बोटं खोल. वाड्यातला जुना तो बहुतेक एकेरी पाकळीचाच असतो, त्याला वास जास्त, डबल दिसायला मोठा म्हणून हा एकेरी काढून टाकू नका. सोनटक्क्याला ओल लागते, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावा जिथं पूर्वी अळू आणि केळ असायची. भुईचाफ्याचे गड्डे पानं सुकल्यानंतर आणि फुलायच्या आधी, एवढ्याच काळात हलवायचे, दोन बोटांपेक्षा खोल पुरायचे नाहीत.

याच्यावरून आठवलं, मोबाईलवर परदेशातल्या पिओनी नावाच्या फुलझाडाच्या जुन्या बागांचे फोटो बघून मला विचारतात की हे आपल्याकडं होईल का. पिओनी पण अशीच, थंडीत जमिनीवरून नाहीशी होणारी, एका जागी पन्नास-पन्नास वर्षं जगणारी, आणि तिचे डोळे दोन इंचांपेक्षा खोल गेले तर फुलणंच बंद करणारी. तिकडं १८५१ ची फेस्टिव्हा मॅक्सिमा, १९०६ ची सारा बर्नहार्ट असल्या जाती लोक अजून गड्डे वाटून वाटून जपतात. पण तिला फुलायला कित्येक आठवडे कडाक्याची सलग थंडी लागते, ती वाई-साताऱ्यात काय महाबळेश्वरात पण तेवढी पडत नाही. तेव्हा ऑनलाईन मिळणारं पिओनीचं बी घेऊन पैसे घालवू नका. त्यांची जपण्याची पद्धत मात्र घ्या, प्रत्येक जातीला नाव, लावल्याचं साल आणि कोणाकडून आली ते लिहिलेलं, आणि एकच गड्डा एकाच बागेत न ठेवता चार घरी वाटलेला.

जे गेलंय ते मिळवायला नर्सरीत शेवटी जा, आधी आळीत फिरा. जुने वाडे, देवळांची आवारं, गुरव आणि पुजाऱ्यांची घरं, शाळांचे जुने बगीचे. गणपती आळीत ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, त्याच्या अवतीभवती आणि मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या बाजूनं कितीतरी जुनी घरं आहेत, अशा वस्त्यांत देवाला रोज फुलं लागायची म्हणून परस असायचेच. दार वाजवून विचारा, काडी मागा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका, तुमच्याकडचं एक रोप घेऊन जा. मला जुई अशीच मिळाली, समोरच्या आजींना मी सोनटक्क्याचा गड्डा दिला, त्यांनी स्वतः वेल दाबून ठेवला आणि चार महिन्यांनी बोलावून घेतलं. नर्सरीतून घ्यायचंच असेल तर फूल बघून, वास घेऊन घ्या, चिठ्ठीवरच्या नावावर नाही. मी मदनबाण म्हणून एका ठिकाणाहून सहा रोपं आणली, फुलल्यावर साधा मोगरा निघाला, दोन वर्षं गेली. आणि कास पठारावरून किंवा जंगलातून काहीही उपटून आणू नका. तिथं मनाई आहेच, आणि ती झाडं त्या कातळावरच्या पातळ मातीची आणि त्या पावसाची, आपल्या आळ्यात ती जगत पण नाहीत.

सांगली, मिरजेकडं कृष्णाकाठी ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी एक. २०१९ च्या महापुरात आत्याच्या सांगलीच्या घरात पाणी आलं, बाग पाच दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर वीतभर गाळ. तो गाळ चांगला असतो म्हणून तसाच ठेवायची चूक करू नका, झाडाच्या बुंध्याभोवतीचा हातभर गोल लगेच मोकळा करा, पहिल्या मातीची पातळी दिसेपर्यंत, नाहीतर बुंध्याची साल कुजते. चिखलात पाय देऊन माती तुडवू नका, फळी टाकून त्यावर उभं राहा. पानांवरचा गाळ साध्या पाण्यानं धुवा, महिनाभर खत नाही. तिचे निशिगंधाचे कांदे सगळे कुजले, मोगरा आणि तगर वाचली. निशिगंध परत कुठून आला तर वाईहून, कारण तिनंच आधी दिलेले कांदे आमच्याकडं वाढलेले होते.

पाण्यासाठी फार खर्च नको, खोल आळं, वर पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन (बुंध्याला चिकटवून नाही), उन्हाळ्यात नव्या रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरायचं. परसात फरशी किंवा पेव्हर घालायची घाई करू नका, पायवाट जुनी जिथं होती तिथंच दगड मांडा, ती सहसा चुलीपासून आडाकडं आणि आडापासून वृंदावनाकडं असते.

आमच्या नकाशावर आता सव्वीस नंबर आहेत, त्यातले एकवीस जिवंत, चार दुसऱ्यांकडून परत आले. राहिलाय तो हिरवा चाफा, आडाच्या मागच्या भिंतीवर होता असं आत्या म्हणते, हिरवं फूल पिकून पिवळं व्हायला लागलं की वास सुटायचा म्हणून कुठं लपलंय ते नाकानं शोधायला लागायचं. गेल्या महिन्यात पसरणीला एका घराच्या कुंपणावर सापडला, फुलाच्या देठाला आकडा असतो त्यावरून ओळखला. त्या काकांनी दोन गुट्या बांधू दिल्यात. ऑगस्टच्या शेवटी उतरवायच्या आहेत, आत्याला बोलावलंय.